जेवल्यावर पगार मागू नये

नील, परवा तू तुझ्या नव्या नोकरीबद्दल किती उत्साहानं बोललास. ट्रकच्या केबिनमध्ये बसवायचा कॅमेरा. ड्रायव्हरनं जांभई दिली, डोळा मिटला, हात स्टिअरिंगवरून काढला, की मालकाच्या मोबाइलवर तत्काळ खबर. मी "हो का, वा," म्हटलं आणि गप्प बसले. तुला वाटलं आजीची रेंज गेली. रेंज गेली नव्हती. मला माझी अकोल्याची घरमालकीण आठवली होती आणि तिच्या आठवणीनं माझं डोकं अजूनही तापतं. तापल्या डोक्यानं फोनवर बोलू नये, म्हणून लिहिते आहे. ओवी, तूही वाच. तू ज्या अ‍ॅपवरून रोज जेवण मागवतेस, त्या अ‍ॅपवर ते आणणारा माणूस एक ठिपका होऊन सरकत असतो, म्हणून.

त्या बाईला सगळे काकू म्हणत. तसा तिचा हुकूमच होता. नव्या ड्रायव्हरनं "मालकीणबाई" म्हटलं की ती कानावर हात ठेवायची. "मी कोनाची मालकीन नाही. काकू म्हन. घरच्यासारकं राह्य." समोर मी तिला अहो-जाहो करायचे. कागदावर मला ते जमणार नाही.

माझ्या बहिणीच्या, तुमच्या मावशीआजीच्या, आजारपणात मी अमरावतीचं घर बंद करून अकोल्याला राहायला गेले होते, तेव्हाची ही हकिगत. जठारपेठ ओलांडून पुढं गेलं की दुकानं विरळ होतात, तिथं तिचं दुमजली घर. वरचा मजला मी भाड्यानं घेतला, खाली ती, आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर तिचे तीन ट्रक. नवरा गेल्यावर दिरांनी गाड्या विकायला काढल्या. हिनं किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला, तो पुन्हा काढला नाही. बँक, आरटीओ, दालमिलचे शेठ, सगळीकडे एकटी फिरली आणि गाड्या राखल्या. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढं तिच्याबद्दल बरं लिहायची संधी मला फारशी मिळणार नाही.

घर दाखवतानाच तिनं मला विचारलं होतं, "मॅडम, तुमी कोन?"

"निवृत्त प्राध्यापिका. इंग्रजीची."

"ते नाही वं. तसं कोन?"

"बौद्ध."

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. "बरं हाय. मले भाड्याशी मतलब. पन एक सांगून ठेवते, वरून पानी सांडलेलं चालनार नाही." दोन्ही वाक्यं एकाच सुरात आली. म्हणून तर मी घर घेतलं.

तिच्या तीन गाड्या म्हणजे तिच्या तीन नणंदा. थोरली, मधली, धाकटी. "खातात बहू अन् चालतात कमी, दुसरं काय नाव ठेवू?" दालमिलच्या मुनिमाला ती फोनवर सांगायची, "थोरलीचं पोट बिघडलं, दोन दिवस काही उठत नाही ते," किंवा "धाकटी बडनेऱ्यात रुसून बसली, मिस्त्री पाठवला." दसऱ्याला ती तिन्ही ट्रकांची ओटी भरायची. चाकाखाली लिंबू सगळेच ठेवतात, ही आरशाला खण बांधायची आणि वर म्हणायची, "घ्या बाई, मानपान झाला. आता वर्षभर मुकाट्यानं चाला." मी वरच्या गच्चीतून हसायचे. एकदा मी विचारलं, "आणि ड्रायव्हरांना काय दिलंत दसऱ्याचं?"

"जेवले ना पोटभर," ती म्हणाली.

इथं तिचा खरा विक्षिप्तपणा सुरू होतो. गाडी प्लॉटवर लागली, की गाडी घेऊन आलेला माणूस जेवल्याशिवाय ही बाई घास घेत नसे. सकाळ असो, भर दुपार असो. नवरा स्वतः गाडी चालवायचा त्या काळात ती त्याच्यासाठी थांबायची. तो गेला, थांबायची सवय राहिली. ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा, कधी बेसनाच्या पातोडीचा रस्सा. हाताला चव होती, खोटं का बोलू. ओसरीच्या पायरीवर ड्रायव्हरला बसवायची, स्वतः खुर्ची ओढून समोर बसायची आणि त्याच्या प्रत्येक घासाकडे पाहत राहायची. "आनखी घे. लाजून कावून राहिला? भात वाढू?"

आणि ताट पुसून झालं की तिचं ठरलेलं वाक्य यायचं. "जेवला ना? मंग झालं त."

पहिल्यांदा मला ते वाक्य प्रेमाचं वाटलं. त्याचा अर्थ थोरलीवाल्यानं मला दाखवला. (ड्रायव्हरांची नावं या घरात कोणी घेत नसे. ते थोरलीवाला, मधलीवाला, धाकटीवाला एवढेच होते.) महिना उलटून बरेच दिवस झाले होते. तो हात धुऊन, रुमालाला पुसत तिच्यापुढे उभा राहिला.

"काकू, पोरीची शाळेची फी भरायची होती..."

"झुनका कसा झाला होता?"

"चांगला झाला होता."

"तिखट त नाही झाला?"

"नाही, बराबर होता. पन काकू, फी..."

"जेवला ना? मंग झालं त. घरचं पोरगं कधी पगार मागते काय? देईन ना. पळून चालली काय मी?"

तो गेला. खाल्ल्या ताटावर भांडू नये, ही आपल्याकडची रीत. ज्याच्या घरचं अन्न पोटात आहे त्याच्याशी त्याच्याच दारात हुज्जत घालायची नाही. कष्ट करणारी माणसं ही रीत फार मनापासून पाळतात. ते तिला पुरेपूर ठाऊक होतं. बाकीचे मालक पगार बुडवताना शिव्या देतात, ही भाकरीवर तूप वाढायची. मला विचाराल तर शिव्या परवडल्या. शिवीला उलट शिवी देता येते.

लायसनचंही तसंच. नोकरीवर ठेवताना ती ओरिजनल लायसन मागून घ्यायची आणि आपल्या लोखंडी कपाटात ठेवायची. "तुमच्याकडून हरवते बापा. माह्यापाशी सुखात राहीन." तुम्ही म्हणाल, हल्ली लायसन मोबाइलमध्ये असतं. असतं, आणि ते पोलिसाला चालतंही. पण ड्रायव्हर दुसरीकडे काम मागायला गेला, की तिथला मालक आधी ओरिजनल मागतो, कारण त्यालाही ते आपल्या कपाटात ठेवायचं असतं. ते नसेल तर तो ओळखतो, हा गडी आधीच्या मालकाशी भांडून आलाय, आणि हाकलून देतो. एका कपाटाची किल्ली अशी सगळ्या वऱ्हाडात चालते.

मग तिच्या भाच्यानं गाड्यांत कॅमेरे बसवले. ओसरीत स्टुलावर मिठाची बरणी, बरणीला टेकवलेला मोबाइल, आणि समोर मेथी निवडत बसलेली काकू. स्क्रीनवर तीन चौकोन, तीन केबिन. कॅमेऱ्याला आवाजाचीही सोय होती. हिनं इथं तोंड उघडलं, की तिकडं रस्त्यावर केबिनमध्ये ऐकू जायचं.

"धाकटीवाल्या, पाय खाली घे."

"थोरलीवाल्या, कोनाशी बोलून राहिला एवढा हासून? बायकोशी? तिले म्हन ठेव फोन, गाडीत डायवर हाय, नवरा नाही."

"नाकात बोट घालू नोको रे! लोकाईचा माल हाय मांगं."

एकदा तर तिनं चहाच्या टपरीवर थांबलेल्या गाडीतून टपरीवाल्यालाच सुनावलं, "ओ भाऊ, त्याले दुसरा चहा देऊ नोका!" थांबलं की पैसे कापले, हसलं की कापले, कॅमेऱ्यावर हात आला की कापले. किती कापले ते ती सांगायची नाही. महिनाअखेरीला कळायचं, तेही जेवून झाल्यावर.

मधलीवाला नांदगाव खंडेश्वरकडचा. उंच, कमी बोलणारा, उन्हाळ्यातही शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. तो पायरीवर जेवायला बसला की भिंतीकडे तोंड करायचा. काकू खुर्ची उचलून भिंतीच्या बाजूला नेऊन ठेवायची. तो दुसरीकडे वळला, की खुर्चीही दुसरीकडे. "तोंड दिसल्याबिगर मले कसं कळन तुले काय पाह्यजे ते?" धाकटीवाला खो खो हसायचा. मधलीवाला भराभर दोन भाकरी संपवून उठायचा. चव लागत नसावी.

एका सकाळी तो धारणीला किराणा माल उतरवून परत आला. गाडी प्लॉटवर लागायच्या आधीच काकू फाटकात उभी.

"पडदा कावून टाकला होता?"

आदल्या दिवशी धारणीत, माल उतरवून झाल्यावर, त्यानं आपला खांद्यावरचा दुपट्टा कॅमेऱ्यावर टाकला होता. हिला चौकोन काळा दिसला. हिनं हाका मारल्या, त्यानं उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं दुपट्टा निघाला. एवढंच.

"डिझेल काढलं ना? सांग. कोनाले इकलं?"

"काकू, टाकीत काडी घालून पाहा. काटा पाहा."

"काटा कायले पाहू? पडदा कावून टाकला ते सांग."

त्यानं मधलीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"चोराच्या तोंडाले कुलूप असते. या महिन्याचा पगार नाही तुले. अन् कामही नाही. लायसन राहीन माह्यापाशी, डिझेलचा फैसला होईपरयंत." मग त्याच दमात, माझ्या कानांवर माझा विश्वास बसला नाही, "चाल, हात धू. भाकरी गरम हायेत."

तो म्हणाला, "नाही जेवत."

या घरात हे वाक्य कोणी कधी उच्चारलं नव्हतं.

"कावून?"

"आधी लायसन. मंग पगार. मंग जेवन."

"असं कुटी असते काय? आधी जेव."

"नाही काकू. जेवलो की तुमी मनसान, झालं त."

आणि तो माझ्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. मधली प्लॉटवर उभी, तिचा माणूस उपाशी, म्हणजे काकूही उपाशी. मधुमेहाची गोळी तिनं सकाळी घेतली होती; ती घेऊन उपाशी राहिलं की चक्कर येते. हे त्यालाही माहीत होतं. रोज ती गोळी घेऊनच चुलीपाशी जायची.

मी खाली गेले. त्याच्याजवळ उभी राहून विचारलं, "दुपट्टा का टाकला होतास?" तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "डबा खात होतो, मॅडम. मले जेवताना कोनी पाह्यलेलं सहन होत नाही. शाळेत खिचडी वाटत, तई आमाले आंगनात येगळं बसवत. बाकीचे खिडकीतून पाहत. हासत."

मी पुढं काही विचारलं नाही. आपल्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही.

"मग काकूंना हे सांग ना."

"नोका, मॅडम. तुमीबी सांगू नोका. दया आली त आनखी एक भाकर वाढन ते. पगार नाही देनार."

मी ते सांगितलं नाही. पण बाकीचं सगळं सांगितलं. तिच्या समोर उभी राहून, आवाज चढवून सांगितलं, की दुसऱ्याचं लायसन कपाटात कोंडणं बेकायदा आहे, केलेल्या कामाचा पगार अडवणं बेकायदा आहे, आणि माणसाला चोर म्हणायच्या आधी टाकीत काडी घालून पाहायला तुमचे हात झिजत नाहीत.

ती मेथीच्या काड्या मोडत होती. "कायदा वरच्या माळ्यावर ठेवा मॅडम. खालचं घर माह्यं हाय. या पोराईले मी पोटच्या लेकरावानी खाऊ घालते. इचारा त्याले, उपाशी ठेवलं काय कधी?"

"आत्ता कोण उपाशी आहे?"

"तो आपल्या हातानं राह्यला. मी त ताट वाढून बसली."

ताट खरंच वाढलेलं होतं. दोन वेळा गार झालं, दोन वेळा तिनं भाकर पुन्हा तव्यावर टाकली. ऊन ओसरीतून सरकत पायरीवर आलं. तो सावलीत सरकला नाही. काकूच्या कपाळावर घाम दिसू लागला आणि मेथीची पानं काड्यांत, काड्या पानांत पडू लागल्या. मी गुळाचं पाणी करून आणलं. तिनं पेला बाजूला सारला. "गाडी दारात हाय. तिचा मानूस जेवला नाही."

पायरीवरून तो म्हणाला, "काकू, तुमी जेवा ना. मी काय तुमच्या तोंडाले पट्टी बांधली?"

"तू जेव."

"तुमी लायसन द्या."

"तू माह्या जिवावर उठला रे!"

"मी? मी त नुस्ता बसून हावो."

खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला दोघांचाही राग आला. ती चक्कर येऊन पडली असती, तर सगळ्या गल्लीनं त्याला खुनी ठरवलं असतं. त्याच्या पोटात काय पेटलंय, ते कोणी विचारलं नसतं.

शेवटी ती भिंतीला धरून उठली. आत किल्ल्या वाजल्या. कपाटाचं दार करकरलं. ती बाहेर आली ती ताट घेऊन. गरम भाकर, झुणका, कांदा, आणि काठावर, ठेच्याच्या शेजारी, त्याचं लायसन.

"घे. दोन्ही घे."

त्यानं लायसन उचललं. त्याला लागलेलं तेल शर्टाच्या बाहीला पुसलं. खिशात ठेवलं. "अन् पगार?"

"आधी जेव."

"पगार, काकू."

"जेव त आधी. मंग बोलू."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं ताट दोन्ही हातांनी उचललं. तिचा चेहरा एकदम सैलावला. पण तो पायरीवर बसला नाही. ताट घेऊन प्लॉटवर गेला, मधलीच्या केबिनमध्ये चढला, आणि काही वेळानं रिकाम्या हातानं खाली उतरला. किल्ली त्यानं ओसरीच्या कठड्यावर ठेवली. मला हात जोडले. फाटक हळू लावून घेतलं आणि बसस्टँडच्या दिशेनं चालायला लागला.

काकू मटकन खुर्चीत बसली. समोर मिठाची बरणी, बरणीला टेकवलेला मोबाइल. मधल्या चौकोनात केबिन दिसत होती. ड्रायव्हरची जागा रिकामी. कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात, डॅशबोर्डवर, ताट. भाकरीची वाफ काचेवर धरत होती, ती सुद्धा दिसत होती.

मी तिच्याकडे पाहत होते. आता काय करेल ही बाई? गाडी दारात आहे. गाडी घेऊन आलेला माणूस उपाशी गेलाय. इतक्या वर्षांचा नियम आहे. तो राखायचा तर फाटकातून हाक मारायची, पगार हातावर ठेवायचा आणि त्याला जेवायला बसवायचं. तो अजून कोपऱ्यापर्यंतसुद्धा पोचला नव्हता. मला गच्चीतून नव्हे, ओसरीतूनच त्याची पाठ दिसत होती.

"हाक मारा," मी म्हटलं. "अजून वेळ आहे."

तिनं फाटकाकडे पाहिलं. मग मोबाइलकडे. मग ती म्हणाली, "मानूस गेला. आता नुस्ती गाडी हाय."

तिनं हात लांब करून मोबाइल पालथा घातला. आत जाऊन स्वतःचं ताट वाढून आणलं आणि जेवली. सावकाश, पोटभर. मी ते सगळं उभं राहून पाहिलं. तिला कोणी पाहत असल्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी केबिनमधलं ताट तिनंच काढून आणलं, घासलं, पालथं टाकलं. पुढच्या आठवड्यात मधलीवर नवा गडी आला. त्याचं लायसन कपाटात गेलं आणि त्याच ताटात त्याला वाढलं गेलं. "घरच्यासारकं राह्य," ती सांगत होती. त्या महिन्याच्या शेवटी मी घर सोडलं. निघताना तिनं मला डब्यात पातोड्या बांधून दिल्या. मी तो डबा कठड्यावर, मधलीवाल्यानं किल्ली ठेवली होती तिथंच ठेवला.

मधलीवाला आता अमरावतीत एका सरकीवाल्याची गाडी चालवतो. नव्या मालकानंही लायसनसाठी हात पुढं केला होता. हा म्हणाला, "पाहून घ्या अन् वापस द्या." दिलं त्यानं. काकूकडचा त्या महिन्याचा पगार मात्र त्याला अजून मिळालेला नाही. कामगार कार्यालयातला अर्ज मी लिहून दिलाय आणि तारखांना मी त्याच्यासोबत जाते. काकू कधीच येत नाही. तिचा भाचा येतो आणि साहेबांना सांगतो, "काकूनं त लेकरावानी सांभाळलं होतं याले." साहेब मान डोलावतात. माझं वय झालं नसतं, तर मी त्या टेबलावर हात आपटला असता. एकदा आपटलाही.

नील, कॅमेरा बनवू नकोस असं मी तुला म्हणणार नाही. झोप लागून मेलेले ड्रायव्हर मीही ऐकलेत. पण तुझ्या साहेबांना विचार, केबिनमधल्या माणसानं त्याच्यावर दुपट्टा टाकला तर त्याचं काय कापलं जातं, आणि बघणाऱ्यानं मोबाइल पालथा घातला तर कोणाचं.

हिवाळ्यात तुम्ही दोघं याल तेव्हा आपण त्याच्या गावी जाऊ. त्यानं केव्हाचं बोलावलंय, बायको वांग्याची भाजी छान करते म्हणतो. पोटभर जेवा, संकोच करू नका. फक्त तो जेवायला बसला, की तुम्ही जरा दुसरीकडे बघा.